जिन्यात अडकलेल्या कपाटाची सहा वर्षं

मी एक जुनं कपाट आहे. सागवानी, दोन दारांचं. मित्रांनो, कपाटाला खोटं बोलता येत नाही. बोललं की दार करकरतं. तेव्हा ऐकताना कान माझ्या दाराकडे ठेवा, म्हणजे झालं.

माझा जन्म गल्लीच्या टोकाच्या सुतारकाकांकडे झाला. त्यांनी माझ्या अंगात एकही खिळा मारला नाही. सगळे सांधे लाकडी पाचरींचे. मला पोचवायला ते स्वतः आले होते आणि नव्या नवरानवरीला म्हणाले होते, "कधी हलवायचं झालंच तर आधी पाचरी काढा, क्रमानं. मग सगळं अलगद सुटतं. घाईनं ओढलंत तर मात्र दोन्हीकडून मोडेल."

दोघांनी माना डोलावल्या. पण ती तेव्हा एकमेकांकडे बघत होती. सुताराचं कोण ऐकतो!

ती दोघं म्हणजे भिंगरीचे आई-बाबा. बाबा घड्याळं दुरुस्त करत, आई शाळेचे गणवेश शिवत असे. भिंगरी उभी राहायला लागली तशी तिला दर वाढदिवसाला माझ्या डाव्या दाराच्या आतल्या बाजूला टेकवून उभी करत. आई डोक्यावर पट्टी धरायची, बाबा पेन्सिलीनं रेघ ओढायचे. ती पेन्सिल दोरीनं माझ्या आत टांगलेली असे. एक, दोन, तीन, चार अशा रेघा झाल्या. त्या दिवसांत माझी काय ऐट होती! पाहुणे माझ्या आरशात बघण्याआधी माझं दार उघडून रेघा बघायचे. (जरा करकरलं ना? बरं, एकाच पाहुण्यानं बघितल्या होत्या.)

पुढे आई-बाबांचं पटेना. का, ते मला माहीत नाही. मी झोपण्याच्या खोलीत होतो, भांडणं स्वयंपाकघरात व्हायची. भिंगरी चार वर्षांची झाली आणि आईनं समोरच्या इमारतीत खोली घेतली. जाताना तिला एकच मोठी वस्तू न्यायची होती. मी. बाबा दुकानात असताना तिनं तीन हमाल आणले. पाचरींची आठवण कुणाला? मला अख्खाच उचललं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी तिरका झालो, एक पाय वरच्या पायरीवर, दुसरा कठड्यावर, दारं भिंतीला घट्ट चिकटलेली. आणि तेवढ्यात खालून कोर्टाचा माणूस धापा टाकत आला.

"थांबा! जैसे थेचा हुकूम आहे! कपाट आहे तिथेच राहील!"

बाबांनाही मीच हवा होतो, त्यांनी वकिलाकडून सकाळीच हुकूम आणवला होता. हमाल कायदा पाळणारी माणसं. त्यांनी तिथल्या तिथे हात सोडले आणि ते निघून गेले.

मित्रांनो, त्या वळणावर मी सहा वर्षं आणि चार महिने अडकून पडलो. नाकासमोर भिंत. पोपडे उडालेला हातभर चुना, एवढंच माझं जग. दारं उघडता येत नाहीत, आत अंधार, एक छोटा फ्रॉक, डांबराच्या गोळ्या आणि लोंबकळणारी पेन्सिल. जिन्यात कुणी धावलं की ती पेन्सिल हलायची आणि माझ्या रेघांवर टकटक करायची. पुढची कधी, पुढची कधी, असं मला वाटायचं.

मोठी माणसं कठड्यावर चढून पलीकडे उतरत. तिसऱ्या मजल्यावरचे ढेरीकाका चढू शकत नव्हते, ते सहा वर्षं खालीच आले नाहीत, भाजीची टोपली दोरीनं वर घेत. (ऐका, अजिबात करकर नाही.) कबुतरानं माझ्या डोक्यावर घरटं केलं. त्याच्या नातवंडांची लग्नं माझ्याच डोक्यावर झाली. (हो, हो, करकरलं. माहीत आहे.)

आता तुम्ही विचाराल, घटस्फोटाला इतका वेळ लागतो? मी ऐकलं ते सांगतो. दोघांनाही वकील होते. एका तारखेला बाबांचे वकील आजारी, दुसऱ्या तारखेला तिचे वकील दुसऱ्या कोर्टात, तिसऱ्या वेळी न्यायाधीशसाहेबांचीच बदली. मग कपाटाची किंमत ठरवायला एक माणूस आला. त्यानं माझ्या पाठीवर टिचकी मारली आणि लिहिलं, 'वस्तूचा दर्शनी भाग दिसत नाही, सबब पुढील तारीख मिळावी.' तिसऱ्या वर्षी आई वैतागली आणि वकील सोडून स्वतःच उभी राहायला लागली. रांगेत उभी राहिली, अर्ज चुकला, पुन्हा लिहिला, एक प्रत कमी पडली. जिन्यात बसून ती शेजारणीला म्हणाली, "वकील असला की तारीख त्यांना मिळते, नसला की आपल्याला मिळते. तारीख तीच हो!"

या सगळ्यात भिंगरीचा रस्ता मात्र वेगळा होता. आठवडाभर ती आईकडे, शनिवारी बाबांकडे. माझ्या पोटाखाली एक तिकोनी भोक राहिलं होतं, त्यातून ती ये-जा करायची. पाचव्या वर्षी ताठ चालत. सातव्या वर्षी वाकून. नवव्या वर्षी पोटावर सरपटत. रेघा थांबल्या होत्या, पण मुलगी थांबली नव्हती. हे माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आणि दहाव्या वर्षी, एका शनिवारी दुपारी, ती कमरेशी अडकली.

आई खालून पाय धरून ओढायला लागली, बाबा वरून हात. माझा कठड्यावरचा पाय बोटभर सरकला आणि माझं सगळं ओझं पोरीच्या पाठीवर यायला लागलं. मित्रांनो, मी जन्मभर कपडे सांभाळले, कुणाला दुखवलं नाही. त्या दिवशी मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

"अगं, ओढू नकोस! कपाट खाली येतंय तिच्यावर!"

"अहो, मग तुम्ही उचला ना वरून!"

"उचलू कसं? कोर्टाचा हुकूम आहे, हात लावला तर..."

"मग विचारा तुमच्या वकिलांना! घ्या पुढची तारीख!"

माझ्या खालून आवाज आला, "मला बाहेर काढा, मग काय भांडायचं ते भांडा!"

वरून ढेरीकाका ओरडले, "अरे, सुताराला बोलवा! मलाही खाली यायचंय हो!"

सुतारकाका आले. आता पार म्हातारे, पण हातोडी तीच. माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"दोघं दोन्हीकडून ओढताय होय? सांगितलं होतं ना मी तेव्हाच. तुम्ही वरची बाजू धरा. बाई, तुम्ही खालची. मी हं म्हटलं की दोघांनी एकदम तोलायचं. आधी कुणी नाही, मागून कुणी नाही."

टक. टक. एकेक पाचर निघाली. हं! दोघांनी मला एकदम तोललं. भिंगरी सुळकन बाहेर आली. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. मी अलगद सुटा झालो. कुठेही तडा नाही.

डावं दार बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते उलटं केलं. चार रेघा.

"हे दार हवं होतं तुला?"

"मग? लाकूड काय चुलीत घालायचं होतं मला?"

"मलाही हेच हवं होतं."

"मग अर्जात लिहिलं का नाहीत?"

"वकिलांनी विचारलं, वस्तू कोणती? मी म्हटलं, कपाट." बाबा पायरीवर बसले. "तू तरी कुठे लिहिलंस?"

आई घरी गेली आणि कापड बेतायचा खाकी कागद घेऊन आली. दारावर पसरून तिनं चारही रेघा जशाच्या तशा उतरवल्या. पाच मिनिटांचं काम. कागद पुढे करणार तोच बाबा म्हणाले, "दार तू ठेव. मला कागद पुरे."

सोमवारी दोघं वकील न घेता कोर्टात गेली, एकाच कागदावर दोघांच्या सह्या करून.

"हुकूम असताना कपाट कुणी हलवलं?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही दोघांनी."

"सहा वर्षांत तुम्ही दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम दिसतंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद ठेवून घेतला. तरी कायद्यानं सहा महिने विचार करायला दिलेच. दोघांनी विचार केला आणि मग वेगळी झाली. गोष्टीत जोडतात तसं मी त्यांना जोडलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण दार करकरेल.

मित्रांनो, वकिलांना नावं ठेवू नका. त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी वाहून नेलं. तुम्हाला कधी काही सोडवायचं झालं, तर ओढण्याआधी खरंच काय हवं आहे ते एकदा तोंडानं सांगा. आणि पाचरी काढताना समोरच्यालाही हात लावू द्या.

आता मी आईच्या शिवणाच्या खोलीत उभा आहे, पाठ भिंतीला, दारं मोकळी. तिनं मला जोडलं त्याच दिवशी भिंगरी डाव्या दाराला टेकून उभी राहिली आणि बाबांनी पेन्सिलीनं पाचवी रेघ ओढली. चौथ्या रेघेपासून पाचवीपर्यंत दोन वितींपेक्षा थोडं कमी अंतर आहे. तिथे एकही रेघ नाही, नुसतं कोरं लाकूड. घटस्फोटाला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, तर मी दार उघडतो आणि तेवढी जागा दाखवतो.

बघा, जरासुद्धा करकरलं नाही.