भिडस्त माणसांचा थर्मास

मी थर्मास बोलतोय. लाल-हिरव्या चौकड्यांचा, डोक्यावर कपाएवढं झाकण. आत गरम, बाहेर गार, एवढीच माझी करामत. पण ज्या देशात मी जन्मलो तिथं तिचं कुणाला फारसं कौतुक नाही, कारण तिथली माणसंही त्याच साच्यातली.

हेडली आणि मॉरीन प्राउट यांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. माझ्यासारखे आणखी दोन थर्मास आले होते. देणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून दोघांनी तिन्ही ठेवून घेतले आणि तिघांनाही पत्रं लिहिली, की आम्हाला नेमका हाच हवा होता. पुढं काय होणार ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ब्रिस्टल शहरातल्या एका शांत गल्लीत त्यांचं घर होतं. आठवडाभर मी फडताळात पडून असे. रविवारी मात्र माझा थाट. माझ्यात उकळता चहा भरायचा, गाडी काढायची, दूर कुठंतरी टेकडी नाहीतर समुद्र समोर येईल अशी ती उभी करायची, आणि काचा वर करून आत बसून राहायचं. खाली कुणी उतरत नसे. पाऊस असला तर पाऊस म्हणून, ऊन असलं तर पाऊस येईल म्हणून. शेजारी आणखी पाच-सहा गाड्या तशाच उभ्या असत आणि प्रत्येकीत एक थर्मास असे.

पहिला कप कुणी घ्यायचा यात पाच मिनिटं जात. तू घे, नको तू घे. मी जिवापाड जपलेली ऊब अशी भिडेपायी निवून जायची.

मग कप हाती आला की मॉरीन समोर बघत म्हणे, "इथं राहायला किती छान वाटेल, नाही?" हे ती वेल्समध्ये म्हणाली, डेव्हनमध्ये म्हणाली, एकदा तर दगडाच्या खाणीसमोरही म्हणाली. त्याचा अर्थ एवढाच, की चहा चांगला झालाय.

हेडली पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचा. निवृत्तीच्या वर्षी श्रॉपशरमधल्या एका खेड्यासमोर मॉरीननं तेच वाक्य म्हटलं आणि त्यानं ते मनावर घेतलं. आपल्या नोकरीपायी हिचा सारा जन्म शहरात गेला, असं त्याला वाटलं. "बघूया की मग," तो म्हणाला. मॉरीनला वाटलं, याला खेड्यात जायचंय, आपण कशाला मोडता घाला.

झालं. दलाल आला, घर बघणारे आले, खेड्यातलं घर ठरलं. पावलोपावली तो विचारायचा, तुला नक्की आवडेल ना? आणि ती म्हणायची, तुला आवडणार असेल तर. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ असतात. या दोघांना ताकच नको होतं, तरी भांडी पुढं करून उभे होते.

कारण हेडलीचा जीव होता रेल्वे रुळांमागं पालिकेकडून भाड्यानं घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यात. बावीस वर्षं त्यानं तिथं बटाटे आणि कांद्यासारखी लीकची पात काढली. तुकडा परत करून आला त्या दिवशी तो स्वयंपाकघरात एकटाच फावडं पुसत बसला, माती केव्हाच निघून गेली होती तरी. आणि मॉरीनचा जीव होता शेजारच्या डिलिसमध्ये. कुंपणावर कोपरं टेकून दोघी तीस वर्षं बोलल्या होत्या; वरची फळी घासून घासून गुळगुळीत झाली होती. तो घरात नसताना ती रडे, ती नसताना तो उसासे टाकी, आणि फडताळातून मी दोन्ही ऐकत असे. पण थर्मासाला तोंड असलं तरी ते दुसऱ्यानं उघडावं लागतं.

जायचा दिवस उजाडला. सामानाचा ट्रक पुढं गेला. मॉरीननं मला मांडीवर घेतलं. डिलिस फाटकाशी आली आणि म्हणाली, "तिकडची हवा चांगली आहे म्हणे."

"हो, म्हणतात खरं," मॉरीन म्हणाली.

एवढ्यावर तीस वर्षं आटोपली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मॉरीननं मला असं आवळून धरलं होतं, की माझा पत्रा चेपतो की काय असं वाटलं.

खेडं आठ मैलांवर राहिलं तेव्हा हेडलीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. समोर हिरवी कुरणं, मेंढ्या, बारीक पाऊस. सवयीनं त्यानं काचा वर केल्या. तिनं चहा ओतला. तू घे, नको तू घे. कप दोघांच्या मधे तसाच राहिला.

"आज म्हणाली नाहीस," हेडली म्हणाला.

"काय?"

"इथं राहायला छान वाटेल, असं."

"मला इथं यायचंच नव्हतं रे," ती म्हणाली. "तुला हवं होतं म्हणून मी गप्प बसले."

"मला? मी तर तुझ्यासाठी माझी जमीन सोडून आलो."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं तिनं राहतं घर खाल्लं. विक्रीच्या सह्या होऊन तीन आठवडे झाले होते, आणि दुपारी जुन्या घरात तान्हं बाळ असलेलं एक कुटुंब शिरणार होतं. दोघं रडली. तरीही मला वेडी आशा होती, की गाडी आता मागं वळेल. मॉरीननं डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, की ट्रकवाली माणसं पावसात खोळंबली असतील.

"हो, ते बरं दिसत नाही," म्हणत हेडलीनं गाडी सुरू केली, आणि ट्रकवाल्यांना त्रास नको म्हणून दोघं उरलेलं आयुष्य खेड्यात काढायला गेली. तिथं नव्या शेजारणीनं केक आणून दिला आणि विचारलं, की किती वर्षांचं स्वप्न असेल ना हे तुमचं? दोघं एका सुरात हो म्हणाली.

आता मी म्हातारा झालोय. आतली काच एकदा बदलून झाली, चौकड्या उडाल्या. पण रविवार चुकलेला नाही. मला भरतात, अडीच तास गाडी हाकून ब्रिस्टलला येतात, जुन्या घरासमोर ती उभी करतात, काचा वर करतात आणि घराकडे बघत चहा पितात. डिलिसला कळवत नाहीत. कळवलं तर तिला उगाच आवराआवर करावी लागेल, असं मॉरीनचं म्हणणं.

गेल्या रविवारी डिलिसच्या पलीकडच्या लहानशा घरापुढं 'विकणे आहे' अशी पाटी दिसली. पाऊस होताच. मॉरीन कप हातात धरून पाटीकडं बघत राहिली.

"इथं राहायला किती छान वाटेल, नाही?"

माझ्या काचेत धस्स झालं. तुला आवडणार असेल तर, असं तो आता म्हणणार.

"मला आवडेल," हेडली म्हणाला. "मला हवंच आहे ते. तुझं तू सांग."

"मलाही हवंय," मॉरीन म्हणाली. तिनं भरलेला कप तसाच समोर ठेवला, गाडीचं दार उघडलं आणि पावसात खाली उतरली. मागोमाग तोही उतरला.

इतक्या वर्षांत चहाच्या मधे ते दार उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. वाचकहो, मनातलं काय ते गरम आहे तोवर ओता. ऊब धरून ठेवायला मी थर्मास समर्थ आहे, पण सहा तासांपुरता. माझं झाकण लावायचं दोघंही विसरली. दोघं डिलिसच्या दारात उभी राहिलेली मला काचेतून दिसत होती आणि माझ्यातला चहा गार होत होता. थर्मासाला याहून लाजिरवाणं काही नसतं. मला मुळीच लाज वाटली नाही.