उपाशी जंतूंचं बाळसं

शेवटी जंतू मेले. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण या घडीला ते मजेत आहेत आणि घोर लागलाय तो धाकटीच्या जिवाला.

घरातली ही धाकटी प्रयोगशाळेत जंतूंना उपाशी मारायचं काम करी. जंतूला जगायला लोह लागतं. ते दुर्मीळ झालं की तो एक बारीकसा चिमटा तयार करून बाहेर सोडतो, त्यात लोह पकडतो आणि आत ओढून घेतो. चिमटा घडवायची रीत ज्या जनुकात असते, ते जनुकच धाकटीने उडवलं होतं. आता बिनलोहाच्या द्रवात या थोट्या जंतूंनी गुमान मरावं, एवढीच तिची माफक अपेक्षा. बाटली नितळ राहिली की प्रबंध पुरा.

बाटली रोज सकाळी गढूळ.

"मरा की, मेल्यांनो!" ती बाटलीवर खेकसली.

"सोमवारी समिती बसतेय," मागून सर म्हणाले. "जनुक नक्की उडवलंयस ना?"

"तीनदा तपासलं, सर. तिथे काही नाही."

"मग हे जगतात कशावर? तुझ्या पुण्याईवर?"

तिने पाणी बदललं, काच आम्लाने धुतली. जंतूंनी आणखी बाळसं धरलं.

घरी आई रक्ताचा रिपोर्ट नाचवत होती. "हिमोग्लोबिन नऊ! तोंड बघ, धुतलेल्या फडक्यासारखं झालंय. लोहाची गोळी घे. माझ्यासमोर."

"लॅबमध्ये घेते गं."

हे रोजचंच. त्या गोळीने पोट दगड होतं, म्हणून धाकटी ती गुपचूप अ‍ॅप्रनच्या खिशात टाकी आणि विसरून जाई. त्याच खिशात तिचा द्रवाची पावडर मोजायचा चमचा असे. त्याला ती कुणाला हात लावू देत नसे. न जाणो, कुणाच्या बोटांना लोह असलं तर!

शुक्रवारी चमचा बाहेर आला तो टोकाला हिरवट भुगा घेऊन. तिने खिसा उलटा केला. महिनाभराच्या गोळ्यांचा चुरा टेबलावर सांडला. वाढलेल्या ताटावर बसायला चिमटा लागतो कुणाला? आईने लेकीला भरवलं होतं आणि लेकीने इमानेइतबारे जंतूंना. उपाशी राहिली होती ती एकटीच.

नवा चमचा आला. सोमवारी बाटली आरशासारखी लख्ख. समितीने माना डोलावल्या. सर मात्र सच्चा माणूस. आधीची चूक कशी झाली ते त्यांनी समितीला सांगितलं आणि मग आईलाही फोन केला.

तेव्हापासून धाकटीला सकाळी आईसमोर एक आणि दुपारी सरांसमोर एक गोळी गिळावी लागते. नंतर जीभ उचलून दाखवायची. परवा तिने दोघांना मिळून अर्ज दिला:

"उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, लोह न देण्याबाबत जंतूंना लागू असलेले धोरण निम्नस्वाक्षरीकर्तीसही तत्काळ लागू करण्यात यावे."