सुटलेलं घर

"तुमच्यावर आजपावतो कोन्ता गुन्हा दाखल आहे?" हवालदार हेमराज वाकडेनं विचारलं, आणि ओसरीत तांदूळ पाखडत बसलेल्या मनकर्णाबाईंच्या हातातलं सूप जागीच थांबलं.

"नाई," नथ्थू म्हणाला.

"दारू, सट्टा, मारपीट?"

"नाई."

"तिकडं जंगलात तीस वर्सं फिरले म्हन्ता. तिथल्या कोन्या लोकायशी काई संबंध?"

"ज्यानं जेवाले बलावलं त्याच्या घरी जेवलो. संबंध म्हनाल तं तेवढाच."

हेमराजनं मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. सकाळी साडेदहाला गोंडपिपरीहून पोलिसाची मोटरसायकल चिखलबोडीत शिरली, तेव्हापासून अर्धं गाव कुंपणापलीकडे काही ना काही काम काढून उभं होतं. मनकर्णाबाईंना राहवेना.

"भाऊ, केलं काय यायनं? एकदा सांगून तं द्या."

हेमराज हसला. "सांगाचं नसते बाई. पन तुमी घाबरून राह्यल्या म्हनून सांगतो. बाहेर बोलू नोका. हे चांगल्या कामाची चौकशी आहे. दिल्लीवरून आली. पद्मश्रीची."

मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चौसष्ट वर्षांचा नथ्थू भोयर, गुडघ्यापर्यंत धोतर, डाव्या खांद्याला पट्ट्यानं पाडलेली खोलगट खूण. या माणसाची चौकशी दिल्ली कशाला करते, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. नथ्थूला मात्र लगेच उमगलं. जंगलातल्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर अश्वजित मागच्या वर्षी फोनवर काहीबाही विचारत होता. किती गावं, किती वर्षं, कोणत्या सालापासून. एक अर्ज भरतो आहे म्हणाला होता.

नथ्थू फवारणीवाला. कायमचा नव्हे, हंगामी. मलेरियाच्या फवारणीला वर्षातून चार महिने माणसं घेत. औषध कालवायचं, पंप मारायचा, घराघराच्या भिंती आतून भिजवायच्या आणि दारावर गेरूनं तारीख टाकून पुढच्या घरी जायचं. हंगाम संपला की काम संपलं. नथ्थूचं मात्र संपत नसे. पगाराचे चार महिने उलटले तरी तो भामरागडच्या वाटेवरची ती अकरा गावं सोडून येत नसे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायला तो शिकला. त्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून बावीस किलोमीटर चालत दवाखान्यात न्यायचा. तपासून झाल्या की गोळ्या घेऊन परत, आणि गोळी नजरेसमोर गिळली जाईपर्यंत त्या घरातून उठायचा नाही. तिथल्या माडिया आदिवासींची बोली तो अशी बोलू लागला की पोरं त्याला आपल्यातलाच समजत. गेल्या अठरा वर्षांत त्या अकरा गावांत तापानं एकही लेकरू दगावलं नव्हतं. अश्वजितनं अर्जात हेच लिहिलं होतं.

"झालं," हेमराज म्हणाला. "आता हे शेवटचं. 'कामात काही कसूर, तक्रार.' इथी 'नाही' लिहितो आन निघतो."

"थांबा," नथ्थू म्हणाला. "एक आहे."

"काय आहे?"

"कसूर."

हेमराजनं पेन वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं. नथ्थू जमिनीकडे पाहत बोलू लागला.

चौऱ्याण्णवची गोष्ट. नथ्थूच्या कामाचं तिसरं वर्ष. जून लागला होता आणि मरकेगुडा हे त्या फेरीतलं शेवटचं गाव होतं. त्रेचाळीस घरं. जोडीदार बिरजू तापानं आडवा झालेला, म्हणून पंप मारायला गावातलाच एक गडी घेतलेला. बेचाळीस घरं झाली. त्रेचाळिसावं घर नाल्यापलीकडे, पत्रू पुंगाटीचं. पत्रू दारात आडवा उभा राहिला. आत नाही म्हणाला. आतल्या खोलीत त्याच्या पूर्वजांच्या नावानं पुजलेली मडकी होती, त्यांच्यावर हे वासाचं पाणी उडालेलं त्याला चालणार नव्हतं. असं म्हणणारी घरं नेहमीच असत. नथ्थू अशा वेळी दारात बसकण मारायचा, आंबील प्यायचा, तास-दोन तास बोलायचा, आणि बहुतेक वेळा दार उघडायचं. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. सामान न्यायला आलेला ट्रॅक्टरवाला नाल्याला पाणी चढायच्या आत निघायचं म्हणत होता. नथ्थू एकदा म्हणाला, "आत येऊ दे ना भाऊ." पत्रू नाही म्हणाला. नथ्थूनं गेरू काढला, भिंतीवर तारीख टाकली आणि तारखेपुढे लिहिलं, 'पूर्ण'. संध्याकाळी साहेबाला आकडा दिला, त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस.

"पत्रूची पोरगी होती, सुकरी," नथ्थू म्हणाला. "सा वर्साची. माझी रिकामी बादली डोक्यावर घेऊन मोहरं मोहरं चालाची. आश्विनात गेली. ताप डोक्यात चढला. खाटेवर घालून नेऊन राह्यले होते, नदीपावतोच पोचले."

मग मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "हे मले माईत नोतं."

"कोनालेच नोतं."

"मी कोनी नोय." त्या उठल्या, सूप भिंतीला टेकवून ठेवलं. दोन पोरींना, मयुरीला आणि उर्वशीला, त्यांनी जवळजवळ एकटीनं वाढवलं होतं. रोवणी, कापणी, पोरींची लग्नं, सगळं. नवरा जंगलात काय करतो हे कोणी विचारलं की त्या अभिमानानं सांगत. आणि तीस वर्षं ज्याच्यासाठी त्या एकट्या राहिल्या ते कारणच त्यांना आज, एका पोलिसासमोर, कळत होतं.

हेमराजनं पेन खिशाला लावलं. "भाऊ, हे मी लिवलं तं कागद इथंच बुडते. तीस वर्साची गोष्ट. कोन इचारून राह्यलं तुमाले?"

"तुमीच इचारलं ना आता."

मनकर्णाबाई मध्येच बोलल्या. "पोलिसाले सांगून का होते? ज्याचं घर सुटलं त्याले सांगा. तो का म्हन्ते ते मंग लिवा." आणि हेमराजकडे वळून, "चार दिस थांबान का भाऊ?"

हेमराज थांबायला तयार झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.त नथ्थू चढला, तर मनकर्णाबाई पिशवी घेऊन मागोमाग चढल्या. "मीबी येतो. कुठी गेली माही तीस वर्सं, पाहून तं येतो." आष्टीला वैनगंगा ओलांडली, आलापल्लीला गाडी बदलली, आणि उतरल्यावर पुढचे मरकेगुड्यापर्यंतचे सात किलोमीटर दोघं पायी गेली. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं नथ्थूला थांबवून जोहार केला. एका म्हातारीनं तर त्याचा हात धरून घरी नेलं आणि आपल्या नातवाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून दाखवल्या, रक्त कमी वाटतं का बघ म्हणून. मनकर्णाबाई गुपचूप पाहत होत्या. त्यांचा राग वाटेत कुठेतरी थोडा सैल झाला, पण त्या तसं म्हणाल्या नाहीत.

पत्रू आता पार वाकला होता. अंगणात बांबूच्या पट्ट्यांची टोपली विणत बसला होता, शेजारी बायको बुधरी मोहाच्या पानांचे द्रोण टाचत होती. पाणी झालं, खुशाली झाली. मग नथ्थूनं सांगितलं. माडियातच सांगितलं. शब्द मनकर्णाबाईंना कळत नव्हते, तरी कुठे सुकरीचं नाव आलं आणि कुठल्या वाक्याला बुधरीचे हात थांबले, ते त्यांना दिसलं.

बुधरी उठली आणि कोणाकडेही न पाहता नाल्याकडे चालती झाली.

पत्रूनं हातातली पट्टी वाकवून टोपलीत खोवली. बोलला तेव्हा मराठीत बोलला, कदाचित मनकर्णाबाईंनाही कळावं म्हणून. "तू म्हनला होता, आत येऊ दे भाऊ. मी नाई म्हनलो."

"मी दुसऱ्यांदा म्हनाले पायजे होतं," नथ्थू म्हणाला.

"मी पयल्यांदाच हो म्हनाले पायजे होतं."

नथ्थूनं मान वर केली.

"तुले का वाटते," पत्रू म्हणाला, "दर वर्सी तुह्या मोहरं मी काऊन फिरलो? लोकायच्या घरात घुसून त्यायची मडकी मी माह्या हातानं बाहेर काढली. मायबापानं शिव्या देल्या, पुजाऱ्यानं शिव्या देल्या. मी कोनाले सांगतलं नाई काऊन ते. तुलेबी नाई."

नथ्थूला ते सगळे जून आठवले. तो गावात शिरायचा आणि पत्रू वेशीवर उभा असायचा. अकराही गावं तो त्याच्यासोबत हिंडायचा, प्रत्येक दारात आधी स्वतः शिरायचा. माणूस मनाचा मोठा म्हणून येतो, असं नथ्थू इतकी वर्षं समजत आला होता. सोबत चालताना, एका ताटात जेवताना, एका शेकोटीला निजताना दोघंही एकाच लेकराचा भार वाहत होते, आणि दोघांनीही तो एकमेकांपासून लपवला होता.

"पोलिस कागद लिवनार आहे," नथ्थू म्हणाला. "का सांगू त्याले?"

"झालं ते सांग. घर सुटलं म्हन. पत्रूनं दार धरलं म्हन. दोघायचं लिव."

बुधरी दिवस मावळायला परतली. चूल पेटवली, भात रांधला, चौघांना वाढला, पण बोलली नाही. रात्रीही नाही. सकाळी दोघं निघाली तेव्हा ती अंगणाच्या काठापर्यंत आली आणि नथ्थूला म्हणाली, "दर वर्साले येजो. बुढा झालो म्हनून सांगू नोको." तिच्या आवाजात माया नव्हती आणि क्षमाही नव्हती. नथ्थूनं मान हलवली. याहून जास्त मागायचा त्याला हक्क नव्हता, आणि मिळालं ते त्याला पुरेसं होतं.

चौथ्या दिवशी हेमराज पुन्हा चिखलबोडीत आला आणि त्यानं सगळं लिहून घेतलं. कागदावर त्या जागेत मावेना म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. 'कसूर: सन १९९४, मौजा मरकेगुडा, एक घर सुटले, घरमालकाने दार धरले. स्वतःहून सांगितली.' खाली सही करताना तो म्हणाला, "एकवीस वर्सं नोकरी झाली माही. या रकान्यात मी आजपावतो 'नाही'च लिवत आलो."

पुढे तीन महिने काही कळलं नाही. नथ्थूनं ते मनातून काढूनही टाकलं. पंचवीस जानेवारीला दुपारी तो शेताच्या बांधावर तूर कापत होता, तेव्हा फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत अदबीनं बोलत होता. आपण हा सन्मान स्वीकारणार का, असं विचारत होता. नथ्थूनं विचारलं, माझा कागद पूर्ण वाचला का, मागच्या बाजूनंही. तो माणूस म्हणाला, "जी, पढ़ा है." तेव्हा नथ्थू हो म्हणाला. विळा खाली ठेवून तो बांधावर बसला, आणि मग त्यानं मनकर्णाबाईंना हाक मारली.

सोबत दोन माणसं आणता येतील असं पत्रात होतं. एक मनकर्णाबाई. दुसऱ्यासाठी नथ्थू पुन्हा मरकेगुड्याला गेला. बुधरीनं पत्रूचं धुतलेलं धोतर आणि नवा पांढरा पटका स्वतः बांधून दिला.

दिल्लीतलं समारंभाचं दालन आलापल्लीच्या सागवनासारखं उंच होतं. रांगेनं माणसं बसलेली, सगळीकडे शांतता. आदल्या दिवशी सराव झाला होता. किती पावलं चालायचं, कुठे थांबायचं, कुठून परतायचं. पाहुण्यांनी जागेवर बसून टाळ्या वाजवायच्या, असंही बजावलं होतं.

नाव पुकारलं गेलं. नथ्थू भोयर, महाराष्ट्र. नव्या चपला वाजू नयेत म्हणून जपून पावलं टाकत नथ्थू पुढे निघाला.

सातव्या रांगेत पत्रू उभा राहिला. टाळ्या नाहीत, काही नाही. दोन्ही हात बाजूला सोडून, वाकलेली पाठ जमेल तेवढी सरळ करून नुसता उभा. आपला माणूस मानाला चालला असताना बसून राहायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गणवेशातला एक कर्मचारी लगबगीनं आला आणि हातानं खाली बसायची खूण करू लागला. पत्रूनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. मनकर्णाबाईंनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग पदर सावरला आणि त्याही उठून पत्रूच्या शेजारी उभ्या राहिल्या.

समोर नथ्थूच्या छातीवर पदक लागलं. तो वळला आणि त्या सगळ्या बसलेल्या माणसांत त्याला ती दोघंच उभी दिसली. कर्मचाऱ्यानं पुन्हा एकदा हात खाली केला, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि मग हात मागे घेऊन तोही तिथेच, नथ्थू आपल्या खुर्चीशी पोचेपर्यंत, ताठ उभा राहिला.