नऊ पावलांच्या खोलीतलं टेबल

मी एक जुनं घडीचं टेबल आहे. मित्रांनो, देवाला स्मरून बोलायला बसलो आहे, तेव्हा आधीच कबूल करतो, की ही माझ्या मोठेपणाची गोष्ट नाही. माझ्या जळफळाटाची आहे.

माझा जन्म एका महागड्या शहरातला. आई आणि बाबा एका सुताराच्या दुकानात आले होते. आई कपडे शिवायची, बाबा जुन्या पुस्तकांची बांधणी करायचे.

"खोली केवढी आहे?" सुताराने विचारलं.

"नऊ पावलं लांब, सात पावलं रुंद," बाबा म्हणाले.

"आणि माणसं?"

"चार."

"मग टेबल कशाला करता? भिंतीला खुंट्या मारून देतो, एकेकाला टांगा."

हसता हसता त्याने मला केलं. दोन्ही बाजूंना पडणाऱ्या फळ्या, खाली दुमडणारे पाय. मिटलो की दाराआड मावेन एवढा, उघडलो की पाऊण खोली माझी.

त्या खोलीत माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. सकाळी बाबा माझ्यावर पुस्तकांना खळ लावायचे. दुपारी आई कापड पसरायची. संध्याकाळी भिंगरी अभ्यासाला बसायची. भिंगरी म्हणजे त्यांची मुलगी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून हे नाव. मग जेवणं. जेवणाआधी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, डोळे मिटून देवाचं गाणं म्हणायची. तिचा आवाज असा, की गाता गाता ती माझ्यावर तळव्याने ठेका धरायची तेव्हा माझे सांधेसुद्धा भक्तीने हलायचे. मला उघडायचं तर बाकीच्यांना पलंगावर चढून बसावं लागे. "पोटं आत घ्या रे!" बाबा ओरडायचे, आणि खट् खट् करून माझे पाय उभे राहायचे. ती माझी राजेशाही मिरवणूक होती.

सगळ्यांत जास्त मी आईचा होतो. त्या दाटीत तिची मोजपट्टी कधी वेळेवर सापडायची नाही. शेवटी कंटाळून तिने माझ्या कडेला पितळी खिळे मारून घेतले. वीत, हात, दीड हात. तेव्हापासून तिचं डावं बोट माझ्या कडेवरून सरकत जाई, खिळा लागला की थांबे, आणि उजव्या हातातला खडू रेघ ओढे. डोळ्यांनी बघायचंही तिला कारण पडत नसे. वीस वर्षं! माझ्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती, की या घरात माझी जागा कुणी घेऊ शकत नाही.

मग एके दिवशी घरमालकाने पुन्हा भाडं वाढवलं.

"आता पुरे," बाबा म्हणाले. "माझा बांधणीतला दोस्त तिकडे छोट्या गावात गेला. तीन खोल्या, शिवाय कोठी, पुढे अंगण. भाडं इथल्या निम्म्याहून कमी."

"आणि माझी गिऱ्हाइकं?" आई म्हणाली. "तीसुद्धा ट्रकमध्ये भरून न्यायची का?"

"तिथे काय लोक उघडे फिरतात?" आत्या म्हणाली. "अगं वहिनी, चल. मरायच्या आधी एकदा हात पसरून झोपू दे मला."

ठरलं. ट्रकमध्ये मी गाद्यांच्या मध्ये आडवा पडून स्वप्नं बघत होतो. तीन खोल्या! तिथे मी कधी मिटणारच नाही. कायमचा उघडा, मधोमध, सिंहासनासारखा.

मित्रांनो, नवं घर पाहून सगळे आनंदले, मी सोडून. जागा फार होती. जागा फार झाली, की एकाची कामं चौघांत वाटली जातात. भिंगरीला खिडकीशी मेज मिळालं. बाबांनी मागच्या खोलीत बाकडं टाकलं. आत्याने तर जेवण पायरीवर नेलं, वारा लागतो म्हणून. आणि त्या भागात लाकूड स्वस्त, म्हणून आईसाठी एक नवं टेबल आलं.

काय सांगू! चांगलं पुरुषभर लांब, गुळगुळीत, पाय हत्तीसारखे. "किती ऐसपैस आहे गं!" म्हणून शेजारच्या बायका त्याच्यावरून हात फिरवून गेल्या. मला मिटून कोठीच्या दाराआड उभं केलं गेलं. दाराच्या फटीतून मला नेमकं तेच धूड दिसायचं. त्याचे दोष मोजणं हा माझा दिवसभराचा उद्योग झाला. पाय जाड आहेत. रंग उग्र आहे. घडी होत नाही, म्हणजे नम्रता नाही. आई त्याच्यावर कापड पसरायची तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वीस वर्षं आत्याच्या तोंडून देवाचं नाव ऐकलेलं हे लाकूड, पण मत्सराची वाळवी आत शिरली ती शिरलीच.

गावातल्या बेकरीवाल्याने आईला पहिलं काम दिलं. कामगारांसाठी बारा एप्रन, गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत. कापड त्याचंच. आई हरखली. "हे नीट झालं, तर पुढची कामं आपोआप येतील, वन्सं," ती आत्याला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कापायला उभी राहिली. कापडाच्या बारा घड्या एकावर एक घातल्या. गुणगुणत होती. डावं बोट टेबलाच्या कडेवरून सरकू लागलं, सवयीने. त्या धुडाच्या कडेला खिळे कुठले? पण पाय जोडल्या जागी एका स्क्रूचं डोकं वर आलं होतं. बोट तिथे अडलं, थांबलं. खडू फिरला.

मला कळलं. फटीतून मी बघत होतो, आणि वीस वर्षं तो हात माझ्यावरून गेलेला. एक वीत कमी! कात्री चालू झाली. मला तोंड नाही, हे खरं. पण मित्रांनो, असतं तरी मी ते उघडलं नसतं. मी मनात म्हणालो, काप. काप, म्हणजे कळेल.

कळलं. पहिला एप्रन आत्याने हौसेने अंगाला लावून पाहिला.

"वहिनी, हे बेकरीतल्या माणसांना आहे की त्यांच्या पोरांना?"

आईने बघितलं. मग सगळी चळत उचलून एकेक बघितला. बाराच्या बारा आखूड. ती जमिनीवर बसली.

"मला परत जायचंय," ती म्हणाली. "इथे माझा हातच चालत नाही. वीस वर्षांत मी एका रुमालातही चुकले नव्हते."

बाबा आले, भिंगरी आली. भिंगरी आईचं ऐकून कोठीकडे धावली आणि मला फरफटत बाहेर घेऊन आली. "आई, हे घे ना तुझं! ह्याच्यावर काप."

खट् खट्. माझे पाय उभे राहिले. किती दिवसांनी! त्या धुडाच्या अगदी समोर, खोलीच्या मधोमध. मी मनातल्या मनात त्याला वाकुल्या दाखवल्या.

आईने माझ्या कडेवर हात ठेवला. खिळ्यांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या फळीवर पडलं आणि मला वाटलं, आलं माझं राज्य परत.

"नको," ती म्हणाली.

"अगं, का?" बाबांनी विचारलं.

"हे इथे आहे तोवर माझा हात तिथेच राहणार. त्या खोलीत. राहायला इथे आलोय ना आपण? मग हाताला पण आणायला हवं." तिने नाक पुसलं. "भिंगरे, शेजारून मोजपट्टी माग. आणि वन्सं, तुम्ही माझ्याबरोबर बेकरीत चला. एकटीने जायची छाती नाही माझी."

बेकरीवाला रागावला. पण आत्या सोबत होती. परत आल्यावर तिने नक्कल करून दाखवली: "म्हणतो, चूक तुमची, कापड माझं, आता काय करू? मी म्हटलं, करायचं काय, आखूड ते सगळे शिकाऊ पोरांना घाला आणि मोठ्यांना नवे घ्या, नवं कापड आम्ही घालतो. हसला की मेला!"

दोन दिवस आई त्या नव्या टेबलावर मोजपट्टी लावून, पेन्सिलने खुणा करून, खोडून, पुन्हा मोजून कापत राहिली. मी मधेच उघडा आणि रिकामा उभा. सांगतो ते ऐका: प्रत्येक वेळी कात्री उचलली गेली, की मी तिच्या चुकण्याची वाट पाहिली. माझ्या आईच्या चुकण्याची! ती चुकली नाही. बारा एप्रन गेले, आणि बेकरीवाल्याच्या बायकोने पडद्यांचं माप पाठवलं.

मग माझी वेळ आली. बेकरीच्या वर एका खोलीत दवाखान्यातली परिचारिका नुकतीच राहायला आली होती. तिचं सामान म्हणजे एक पेटी आणि एक खुर्ची. आईने मला द्यायचं ठरवलं. मला वाटलं, आता उचलतील आणि देतील. पण आईने आधी मला उन्हात आणलं. बिजागऱ्यांत तेल घातलं. सैल पाय घट्ट केला. वीस वर्षांची खळ नखाने खरवडून काढली आणि ओल्या फडक्याने मला असं पुसलं, जसं लहानपणी भिंगरीचं तोंड पुसायची.

मला दाराबाहेर नेताना त्या नव्या टेबलाच्या अगदी अंगावरून नेलं. लांबून दिसलं नव्हतं ते तेव्हा दिसलं. त्याच्या कडेवर खोडलेल्या खुणाच खुणा होत्या. कात्रीचे दोन-तीन ओरखडे होते. त्याच्यावर हात बसवायला ती माझ्या वेळेइतकेच कष्ट घेत होती. माझ्या वेळचे ओरखडे मी सोयीस्कर विसरलो होतो.

"पाय आधी डावा काढायचा," आई परिचारिकेला सांगत होती, "मग उजवा. उलट केलंत, तर बोट चेमटेल. आणि ओलं भांडं ठेवू नका हं, रुसतं."

आता मी त्या एका खोलीत सगळं काही आहे. परिचारिका माझ्यावर जेवते, घरी पत्र लिहिते, ड्युटीवरून आल्यावर डोकं टेकून झोपते. बरं चाललं आहे. तरी बेकरीच्या दारातून आईचा आवाज वर आला, की आत काहीतरी अजून करपतं. खोटं कशाला बोलू?

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मोठ्या घरात गेलात, तर जुन्या वस्तूला दाराआड उभं करून ठेवू नका. तिथे ती लाकडाने नाही, मनाने कुजते. हवी असेल तर वापरा. नको असेल तर ज्याला हवी आहे त्याच्या हाती द्या, पण पुसून, तेल घालून द्या. आणि तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखं फटीतून दुसऱ्याचं कौतुक बघत उभं असेल, तर त्याने देवाजवळ दुसरं काही मागू नये. आपलं माणूस चुकावं असं जिला वाटतं, ती बुद्धी तेवढी काढून घे म्हणावं. मी रोज तेच म्हणतो. काही दिवस मनापासून म्हणतो, काही दिवस नुसतंच म्हणतो.