चपटीतले पाणी

मी एक जुनी चपटी आहे. चपटी कशाची, हे तुम्हांला ठाऊक असेल तर मान खाली घालायची पाळी माझी. ठाऊक नसेल तर मित्रांनो, मीच सांगते. मी दारूची लहान बाटली. कमरेला खोचता यावी म्हणून मला पोटाशी सपाट केलेले आहे. लपण्यासाठीच माझी घडण झाली, त्यामुळे चारचौघांत यायची मला पहिल्यापासूनच लाज वाटते.

काचेच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला भरले, झाकण लावले, ट्रकात घातले आणि घाट चढवून मोखाड्याकडे आणले. खोडाळ्याच्या बाजारातून कोणीतरी मला पाड्यावर नेले, एका बैठकीत रिकामे केले आणि कुडामागे भिरकावले. माझी पहिली नोकरी एवढीच. तिच्याबद्दल मला कोणी शाबासकी दिली नाही, आणि ते बरेच झाले.

त्या पाड्यावर फागी नावाची बाई राहत होती. नवरा वारलेला, मुलगा भाताची कापणी झाली की ठाण्याकडे कामाला जाई. घरात ती आणि सून सुनिता. पुरुषांच्या पिण्याला कंटाळून फागीने बायका गोळा केल्या. तिच्या शेजारची सोमी तिचा उजवा हात. दोघींनी घराघरांतून बाटल्या काढल्या आणि नदीकाठच्या खडकावर फोडल्या. माझ्या बहिणींचा चुरा होताना मी पाहत होते. माझी पाळी आली तेव्हा फागीने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “ही राहूदे. खुरासणीच्या तेलाला होईल.”

अशी मी वाचले. राखेने घासून तिने मला लख्ख केले. अंगावरचा कागद गेला, पण खांद्यावरची काचेतली अक्षरे कशी जाणार? जन्माची खूण ती, राहिलीच.

फागीने पाड्याला एक नियम घातला. जो पिऊन सापडेल त्याने सकाळी विहिरीवर डोक्यावर बाटली धरून उभे राहायचे, सगळ्या बायकांचे पाणी भरून होईपर्यंत. पहिला सापडला तो तिचाच धाकटा दीर लहान्या. फागीने त्यालाही सोडले नाही. तो उभा राहिला. बायका हंडे उचलताना पदराआड हसल्या. त्यानंतर लहान्याने दारू सोडली, आणि फागीशी बोलणेही सोडले. समोरासमोर घरे, पण तो तिच्या अंगणाकडे पाठ करून बसायचा.

काही वर्षांनी फागीच्या बरगडीवर नागीण उठली. पुरळ कमरेपर्यंत उतरले. भगताने गेरू लावला, पुरळ सुकले, खपल्या पडल्या. आग मात्र गेली नाही. चोळीचे कापड घासले तरी ती ओठ चावायची. शेवटी सुनिताने तिला एसटीने जव्हारला नेले. डॉक्टर म्हणाले, “नागीण गेली, पण नस दुखावली आहे. रात्री जेवल्यावर ही गोळी घ्या. मनाने बंद करू नका.”

सुनिता रांग सोडून पाणी प्यायला गेली होती, तेवढ्यात औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या देताना फागीला म्हणाला, “घरात कोणी वेडं आहे का? ही त्यांना देतात.” तो सहज बोलला असेल. फागीच्या मात्र ते काळजात रुतले.

तिने गोळ्या नागलीच्या कणगीत, दाण्यांखाली लपवल्या. सुनिताला सांगितले, “औषध संपलं.” मग ती झोपली की चोरून गोळी घ्यायची. आग कमी झाली हे खरे. पण इतक्या उशिरा घेतलेली गोळी सकाळपर्यंत डोळ्यांवरून उतरेना. उठली की घर फिरे. जीभ जड होई, शब्द अडखळत. आणि तोंडाला अशी कोरड पडे की थुंकी गिळता येईना. एकदा तिने गोळ्या बंद केल्या, तर आग दुप्पट होऊन परतली. सुनिताला शेजारी पाठवून तिने पुन्हा कणगीत हात घातला.

कोरडीवर उपाय म्हणून तिने मला काढले. तेल ओतून टाकले, मला पुन्हा राखेने घासले, पाणी भरले आणि कमरेला खोचले. दर थोड्या वेळाने एक घोट. पाड्यावर तेव्हा झाकणाची दुसरी बाटली होती कुठे? मित्रांनो, माझ्यात पहिल्यांदाच पाणी आले होते, आणि मला वाटले, आता माझी जात सुधारली. केवढी भोळी मी.

चालताना झोकांडी जाणारी, जीभ अडखळणारी, आणि कमरेला चपटी असलेली बाई लोकांना कशी दिसणार? आधी मुले हसली. मग पुरुष हसले, कारण त्यांना हसायचेच होते. एका सकाळी विहिरीवर फागीचा तोल गेला आणि हंडा गडगडत गेला. सोमी पुढे झाली.

“फागीबाय, कमरेला काय हाय?”

“काय नाय.”

सोमीने हात घातला. मी डाव्या बाजूला होते, तिचा हात गेला उजव्या बाजूला, नेमका नागिणीच्या जागेवर. फागी किंचाळून मागे सरली. बघणाऱ्यांना वाटले, काही लपवायचे नसेल तर कोणी असे ओरडते का? सोमीचे डोळे भरून आले. “तूच आम्हांला शिकवलंस,” ती म्हणाली. “आता तूच?”

फागीने झाकण उघडून पाणी दाखवले असते तर संपले असते. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, झोकांड्या कशाने जातात? ती घरी आली, चुलीपुढे बसली आणि पुटपुटली, “बेवडी म्हणतील, चार दिवस. वेडी म्हटलं तर जन्माचं. मग माझं कोण ऐकेल? लहान लेकरू पण हातात देणार नाय कोणी.” ते मी एकटीने ऐकले.

दुसऱ्या सकाळी ती आपणहून विहिरीवर गेली आणि मला डोक्यावर धरून उभी राहिली. मी पाण्याने भरलेली होते. उन्हात माझ्या खांद्यावरची अक्षरे चमकत होती. इतकी लाज मला कुडामागे पडून राहिले तेव्हाही वाटली नव्हती. आज कोणी हसले नाही. सगळ्या खाली बघून हंडे भरत होत्या.

तेवढ्यात लहान्या आला. हा दिवस बघायची त्याने कित्येक वर्षे वाट पाहिली असणार. त्याने तिच्या डोक्यावरून मला उचलले, झाकण काढले आणि तिला खिजवायला सर्वांच्या देखत मोठा घोट घेतला. मग त्याचा चेहरा उतरला. त्याने परत एक घोट घेतला.

“पाणी हाय यात,” तो म्हणाला. “वयनी, मग तू उभी कशाला?”

फागी मटकन खाली बसली. “वेड्यांची गोळी खाते मी,” ती म्हणाली. “नागिणीच्या आगीला दिली. त्यानं चक्कर येते, तोंड सुकतं. आता हसा.”

लहान्याने मला तिच्या हातात दिले. “पी आधी,” तो म्हणाला. मग हात धरून त्याने तिला उठवले, आणि त्याच दिवशी तो आणि सुनिता तिला घेऊन जव्हारला गेले.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. “मनाच्या दुखण्यालाही देतात आणि नसेलाही देतात. मनासाठी घेतली असती तरी त्यात लाज कसली? पण मला सांगायचं होतं ना.” त्यांनी गोळी लहान केली, दिवेलागणीलाच घ्यायला सांगितली, आणि उठताना आधी बसा, मग उभ्या राहा, असे बजावले. चक्कर हळूहळू कमी झाली. कोरड पूर्ण गेली नाही.

म्हणून मी अजून फागीच्या कमरेला आहे. सुनिताने बाजारातून प्लॅस्टिकची नवी बाटली आणली होती. फागीने ती सोमीला देऊन टाकली. सोमी अजून तिच्या नजरेला नजर द्यायला कचरते. विहिरीवर आता कोणाला उभे करण्याआधी काय झाले ते विचारतात. लहान्या अंगणाकडे तोंड करून बसतो.

माझी लाज मात्र पुरती गेली नाही, कारण माझा आकार तोच आहे आणि लोकांचे डोळेही तेच आहेत. मित्रांनो, तुम्हांला औषधाने काही होत असेल तर ते कणगीत लपवू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा. आणि वाटेत कोणाचा तोल जाताना दिसला, तर आधी त्याचा हात धरा. बाटलीत काय आहे ते मागाहून बघा.