कोरणीवरचं गाणं

गुरुवारी दुपारी औन तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात गेला आणि तिसऱ्यांदा पाणी पिऊन परत फिरला. आई टेबलाशी बसून सारण भरायला झुकिनी कोरत होती. सांगायचं होतं ते दोन ओळींचं होतं: यम्मा, उद्या आमचं नवं गाणं येतंय आणि त्यात तुझा आवाज आहे.

"उंटासारखं पाणी काय पितोयस?" आईनं विचारलं.

"उकडतंय."

"मार्चमध्ये?"

तो मूग गिळून बाहेर आला.

औनचा थोरला भाऊ हाज़ेम अकबाच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेला, त्याला आठ महिने झाले होते. त्याआधी अश्रफियाच्या टेकडीवर एकाही नवरीची हिना, मेंदीची रात्र, उम्म हाज़ेमच्या, म्हणजे हाज़ेमच्या आईच्या, गाण्याशिवाय रंगली नव्हती. मुलाला पोचवून आल्यावर तिनं सांगून टाकलं, वर्ष होईपर्यंत गाणं नाही. ईदलाही तिनं खजूर भरलेले मामूल भाजले नाहीत. शेजारणींच्या घरून ताटं आली, शोकाच्या घरी येतात तशी. लोक मात्र तिला गेलेल्या मुलाच्या नावानंच हाक मारत राहिले, दिवसातून वीसदा. दुसरं नाव तिला उरलंच नव्हतं.

पण घरात कोणी नसलं आणि हातात कोरणी असली की तिच्या तोंडून आपसूक काहीतरी निघायचं. हाज़ेमला पाळण्यात असताना म्हणायची ती चाल, तीही अर्धीच. एकदा औन लवकर घरी आला, बोळकांडीत थबकला आणि त्यानं फोनवर ते टिपून घेतलं. नुसतं जपून ठेवायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. माणूस पहिलं खोटं स्वतःशीच बोलतो, दुसऱ्यांची पाळी नंतर येते.

त्यांच्या बँडचं नाव 'पाण्याचा दिवस'. पाणी आठवड्यातून एकदाच येतं आणि त्या दिवशी सगळ्या इमारतीचे पंप घरघरतात, म्हणून तालीम बंद. नाव त्यावरून पडलं. दोन वर्षांत चार गाणी झाली होती आणि ती ऐकणारे बहुतेक चुलत-मावस भाऊच होते. पाचव्या गाण्यात काहीतरी कमी पडत होतं. औननं दोन कडव्यांच्या मध्ये आईचं गुणगुणणं ठेवलं आणि गाण्यात जीव आला. गायिका रंदनं ते दोनदा लावून ऐकलं.

"खालाला विचारलंस ना रे?"

"म्हणजे काय! विचारल्याशिवाय?"

"आणि ती हो म्हणाली? वर्षाच्या आत?"

"आवडलं तिला. रडलीसुद्धा."

हे रडणं त्यानं पदरचं घातलं. त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

शुक्रवारी गाणं आलं. दुपारच्या नमाजापर्यंत ते अनोळखी लोकही ऐकायला लागले. आजवर याच दिवसाची त्यानं वाट पाहिली होती, आणि आता फोन थरथरला की तो उपडा करून ठेवत होता. चोराच्या मनात चांदणं. चार वाजता घंटी वाजली. वरच्या मजल्यावरची उम्म नाएल आली होती.

"मुबारक हो, उम्म हाज़ेम! नातीच्या फोनवर ऐकलं हो. म्हटलं, हा आवाज मी कबरीतही ओळखेन." ती ऐसपैस बसली. "पण शोक संपवलात, ते आम्हाला कळवायचं तरी! तुमच्यासाठी मी पुतणीची हिना उन्हाळ्यावर ढकलली ना. सासरच्यांची बोलणी खाल्ली, बाई."

आईनं औनकडे पाहिलं. औननं जमिनीवरच्या गालिच्याकडे पाहिलं.

"मुलानं मागितलं, मी गायले," आई म्हणाली. "एक गेला म्हणून दुसऱ्याला नाही म्हणू? हिना उरकून घ्या तुमची. कॉफी घ्याल?"

कॉफी बिनसाखरेचीच होती, शोकाच्या घरची. उम्म नाएलनं ती दोन घोटांत संपवली आणि ती गेली.

"लाव," आई म्हणाली.

त्यानं लावलं. मांडीवर हात ठेवून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मागे सिलिंडर विकणाऱ्या गॅसच्या गाडीची धून वाजतेय. म्हणजे बुधवारी टिपलंस." मग म्हणाली, "मी गात नव्हते, औन. त्याच्याशी बोलत होते."

"मी काढून टाकतो, यम्मा. आत्ता रंदला फोन करतो, खरं काय ते सांगतो."

"रंदला सांग. पण गाणं राहू दे. काढलंस तर उम्म नाएल विचारेल, का काढलं. आठ महिने मी तोंड मिटून होते, आज तुझ्यापायी उघडून खोटं बोलले. ते तरी वाया घालवू नकोस."

रंदनं सगळं ऐकून घेतलं. "माझ्या आवाजाशेजारी ठेवलंस तिला, न विचारता," एवढंच ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या बुधवारी आई झुकिनी घेऊन बसली. औननं आपला फोन बंद करून तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि तो बोळकांडीत जाऊन उभा राहिला. त्याला फक्त ऐकायचं होतं. आतून कोरणीची खरखर येत राहिली. गॅसची गाडीही येऊन गेली.

"औन, बाहेर उभा आहेस ना?"

"हो, यम्मा."

"खाली जा, बाळा."

तो चार जिने उतरून रस्त्यावर आला. किराणावाला फोन गल्ल्यावर ठेवून पुदिन्याच्या जुड्या बांधत होता. त्याच्या फोनवर आई गात होती.