सासऱ्याचा अर्धा वेढा

सासऱ्याने खापर फोडलं ते भर वर्कशॉपमध्ये, गिऱ्हाइकासमोर. "बोल्ट आमच्या जावईबापूंनी ढिले ठेवले. पुस्तकं वाचून पाना धरतात ते."

जावईबापू यंत्राखाली उताणे पडले होते. त्यांनी ऐकलं आणि दात आवळले. सात वर्षं याच माणसाच्या घरात राहायचं, याच्याच वर्कशॉपमध्ये राबायचं, आणि वर हे.

यंत्र खेळाच्या मैदानावरचं होतं, वर बसून गवत कापायचं. त्याचं पातं ज्या ॲल्युमिनियमच्या घरात फिरतं, ते घर चार बोल्टांनी पत्र्याला धरलेलं असतं. काल चालू यंत्रात दोन बोल्ट निसटले, पातं तिरकं झालं आणि पत्रा फाडून चालवणाऱ्याच्या बुटात शिरलं. अंगठा वाचला तो जाड चामड्यामुळे. मैदानाचा मॅनेजर सकाळीच येऊन बसला होता. ज्याने हे केलं त्याला काढा, नाहीतर माझी सगळी यंत्रं दुसरीकडे नेतो, असं त्याने सांगितलं होतं. सासऱ्याला माणूस सुचायला वेळ लागला नाही.

जावयाने निसटलेला बोल्ट उजेडात धरला. त्यावर भोकातले ॲल्युमिनियमचे आटे सोलून गुंडाळले गेले होते, तारेसारखे. ढिला बोल्ट असे आटे उपटत नाही. ते काम राक्षसी जोराचं. आणि जोर कोणाचा, हे वर्कशॉपमधल्या उंदरांनाही ठाऊक होतं. बोल्ट कोणीही आवळो, शेवटचा अर्धा वेढा सासऱ्याचा. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवायचा आणि हाडं कुरकुरेपर्यंत ओढायचं. लोखंडात खपून गेलं. हे मऊ ॲल्युमिनियम होतं.

त्याने बोल्ट पुढे केला. सासरा खाली वाकून कानाशी आला. "माझ्या मुलीच्या संसाराकडे बघ आणि तोंड शिव."

जावयाने निसटलेल्या बोल्टांची दोन्ही भोकं ड्रिलने मोठी केली. टॅप घालून नवे आटे पाडले, थोडं पुढे, थोडं मागे, कीस झाडत. मग आत पोलादी तारेच्या स्प्रिंगा बसवल्या, म्हणजे बोल्ट आता पोलादात फिरणार. मॅनेजर स्टूल जवळ ओढून प्रत्येक गोष्ट विचारत होता आणि जावई हो-नाहीत उरकत होता. उरलेल्या दोन भोकांचे आटेही थकलेत, त्यांतही स्प्रिंगा घालू, असं तो म्हणाला, तर सासरा खेकसला की चांगल्या भोकाला भोक पाडायची हौस घरी भागव. ठीक. ठरलेला जोर झाला की टक् वाजणाऱ्या मापाच्या पान्याने चारही बोल्ट आवळून तो बाहेर सरकला.

आणि सासऱ्याने पाइप उचलला.

कोणाला दाखवायला नाही. हात आपोआप गेला. "मामा, नको," एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला. जावयाला बायको आठवली, मग तो फाटका बूट आठवला. सुटायचा तो बोल्ट मैदानावर नको, इथेच सुटू दे. त्याने शब्द गिळला.

पहिले दोन बोल्ट पोलादात होते, त्यांनी दाद दिली नाही. तिसरा कुरकुरला, आणि एकदम हलका झाला. पाइप सुटला, सासऱ्याची बोटं पत्र्यावर आपटली. बोल्ट जागच्या जागी गरागरा फिरू लागला.

मॅनेजर उठला. "गेल्या वेळीही तुम्हीच असं आवळलं होतं?"

"गेल्या वेळी काय, चाळीस वर्षं मीच आवळतोय," सासरा ताठ मानेने म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. लगेच त्याने पलटी मारली, जावयाने भोक बिघडवून ठेवलं म्हणाला.

"त्याने त्या भोकाला हात लावला नाही," मॅनेजर म्हणाला. "तुम्हीच लावू दिला नाही. यापुढे माझ्या यंत्राला तुमचा जावई हात लावेल, तुम्ही नाही."

सासरा सोललेली बोटं चोखत जावयाकडे वळला. "आज माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

"ते तुमच्या मुलीला विचारतो," जावई म्हणाला. "बाजूला व्हा. उजेड अडतोय."

त्याने तिसऱ्या भोकाला ड्रिल लावलं.